पडदा बंद करणाऱ्या बाई

आमच्या मराठीच्या बाई ऐन लिहिण्याच्या मध्येच कॉम्प्युटरचा पडदा बंद करायच्या. मुलाचं दोन बोटांनी कसंबसं एक पान झालेलं असायचं आणि बाई मागून येऊन बटण दाबायच्या. पडदा काळा. "आता सांग, काय लिहिलंस?" सांगता आलं तर पडदा उजळायचा. नाही आलं तर पान पुन्हा. जव्हारच्या आमच्या लहानशा कॉलेजात त्यांना सगळे पडदाबाईच म्हणत.

कॉम्प्युटरवर त्यांचा राग होता असं मात्र नाही. दोन हजार सालानंतर कॉलेजात चार कॉम्प्युटर आले, तेव्हा बी.ए.च्या लेखनाचा तास तिथे न्यायचा हट्ट त्यांचाच. "वहीतलं वाक्य जागचं हलत नाही. इथे उचलून खाली नेता येतं. मग नेऊन बघा ना, अर्थ कुठे जातो ते!" आम्ही साखरशेत, पोशेऱ्याकडची मुलं. घरची बोली वेगळी, पुस्तकी मराठी उसनी, खोडाखोडीची भारी लाज. इथे खोडलेलं कोणाला दिसत नव्हतं. मी पहिल्यांदा न घाबरता लिहायला लागले ती तिथेच. "पण उचलायचं ते आपलंच," बाई बजावायच्या. "दुसऱ्याचं उचललं की पान पटकन भरतं, पण त्या पानात आपण गेलेलोच नसतो."

पोशेऱ्याचा रवी आमच्यात सगळ्यात चपळ. त्या उन्हाळ्यात वर्गाने पाड्यापाड्यांवर जाऊन पिण्याच्या पाण्याचे अहवाल लिहायचे ठरले. तालुक्याच्या एका कार्यालयाला ते पावसाआधी हवे होते. रवीकडे दाभोशापलीकडचा एक पाडा आला. अहवाल देखणा झाला होता. बाईंनी पडदा बंद केला.

"विहीर पाड्याच्या कुठल्या अंगाला आहे?"

रवी पाड्यावर गेलाच नव्हता. मागच्या वर्षीचा दुसऱ्या गावाचा अहवाल कॉम्प्युटरात होता. तो उचलून त्याने फक्त नाव बदललं होतं.

बाई रागावल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्याला आणि मला जीपने पाड्यावर घेऊन गेल्या. तिथल्या एका आजीला त्यांनी रवीकडून तो अहवाल वाचून दाखवायला लावला. आजीने सगळं ऐकून घेतलं.

"हीर? आमचे पाड्यात हीर कथं? झऱ्याचाच पानी पेतू आम्ही."

झऱ्यावर हिरवट साय धरली होती. वरच्या अंगाला गुरं बसलेली. बाईंनी ती हाताने बाजूला सारून पाहिली. "पाऊस लागायच्या आत कुणीतरी इथे यायला हवं," एवढंच म्हणाल्या.

परत आलो तर प्राचार्यांनी सगळे अहवाल पाठवूनही दिले होते. "आता परत मागितले तर कॉलेजची शोभा होईल," ते म्हणाले. रवीने नवा अहवाल लिहिला. वीज नव्हती, म्हणून हाताने. तो घेऊन बाई स्वतः कार्यालयात गेल्या. मी सोबत होते. कारकुनाने दोन्ही कागद शेजारी-शेजारी ठेवले आणि हसला.

"हा पहिला तर छापील आहे, बाई. कॉम्प्युटरचं चुकतं होय?"

बाहेर आल्यावर बाईंनी माझा हात धरला. "मुलांना मी शिकवीन," त्या म्हणाल्या. "ह्यांना कोण शिकवणार?"

आषाढात झड लागली आणि त्या पाड्यावर जुलाब सुरू झाले. आजूबाजूच्या पाड्यांना पाण्यात टाकायचं औषध पोचलं होतं. या पाड्याला कागदावर चांगली विहीर होती, म्हणून इथे कोणी फिरकलं नव्हतं. नदी भरलेली, जीप बंद. दोन लेकरं गेली. बाईंनी वर्गात ते सांगितलं. रवी उठून बाहेर गेला, तो वर्गात परत आला नाही.

दिवाळीआधी बाईंना कळवलं गेलं की पुढच्या सत्रात त्यांना काम नाही. त्या कायम नव्हत्या, तासिका तत्त्वावर नेमलेल्या. कारण सांगायची कुणाला गरज नव्हती; बाई स्वतः कार्यालयात गेल्या होत्या हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी एसटी स्टँडवर पोचवायला गेले. कितीतरी दिवसांनी रवीही आला आणि त्यांची बॅग वर चढवून खाली उभा राहिला.

"पाड्यावर जातोस?" बाईंनी खिडकीतून विचारलं.

"जातो. झऱ्याला दगडांची कड घालतोय आम्ही. गुरं येऊ नयेत म्हणून."

"लिहिलंस त्याबद्दल काही?"

"नाही, बाई. हात धजत नाही."

"मग एवढ्यात लिहू नकोस," त्या म्हणाल्या. "नुसता जात राहा."

गाडी सुटली. त्यानंतर बाई आम्हाला कधी भेटल्या नाहीत. रवी गाडी दिसेनाशी होईपर्यंत थांबला नाही. दाभोशाची जीप भरत आली होती. तिच्या मागच्या फळीवर पाय ठेवून, दांडा धरून, तो लोंबकळतच निघून गेला.