रानात नाव न घेणारा

नव्वदच्या दशकात राजूरच्या वरच्या रानात एक म्हातारा मला घुबड दाखवायला घेऊन गेला. पहाटेचं दाट धुकं होतं. झाडी लागताच त्यानं चपला काढून काखेत धरल्या. घुबड दिसलं, मी कॅमेऱ्यातला अख्खा रोल संपवला आणि खुशीत म्हाताऱ्याला स्वतःचं नाव सांगून त्याचं विचारलं. त्यानं पटक्याचं टोक तोंडावर धरलं.

“हितं नाव घ्यायचं न्हाई. ते ऐकतं, मंग हाका मारतं.”

मी हसलो. परतताना तो पुढं होता, मी मागं. तेवढ्यात माझ्या पाठीमागून, माझ्याच आवाजात, कुणीतरी माझं नाव घेऊन हाक मारली. म्हातारा वळलासुद्धा नाही.

“ओ देऊ नका,” तो म्हणाला. “चाला.”

तेव्हापासून मागून हाक आली की मी आधी माणूस बघतो, मगच ओ देतो.