मनगटावरचा मुकादम

मी आजवर लिहिलेल्या पत्रकांपैकी एकाच पत्रकातली मागणी पूर्णपणे मान्य झाली.

‘मनगटावरचा मुकादम हटवा!’ हे ते पत्रक. पावलं मोजणाऱ्या पट्ट्यांविरुद्ध. (प्रती पाचशे. चारशे अजून माझ्या पलंगाखाली आहेत.) ते छापून आलं त्याच आठवड्यात आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या मनगटावर तसलाच पट्टा चढला! आप्पा एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले. साखर वाढली होती. डॉक्टरांनी बजावलं, “रोज आठ हजार पावलं. महिन्यात फरक पडला नाही, तर इन्सुलिन.” तीस वर्षं विजेशी खेळलेला हा माणूस सुईला मात्र घाबरतो.

तीन दिवस आप्पा चालले. चौथ्या दिवशी म्हणाले, “सुमे, तू नाहीतरी दिवसभर उंडारतेस. बांध तुझ्याच हाताला.”

“आप्पा, ही फसवणूक आहे!”

“कोणाची? तुझ्या त्या मुकादमाचीच ना?”

मुकादमाला खोटी हजेरी देणं म्हणजे तर प्रतिकार! पट्टा बांधला आणि पट्ट्यांविरुद्धची पत्रकं घेऊन नाशिकरोडच्या बागेबाहेर उभी राहिले.

संध्याकाळी पाहते, तर अकरा हजार पावलं! जागची हलले नव्हते. भाषणात माझा हात फार चालतो. प्रत्येक ‘धिक्कार असो’ला पट्टा एक पाऊल धरत होता.

मग रोजचंच झालं. आप्पा सोफ्यावरून ओरडायचे, “आज जरा जोरात धिक्कार कर गं! काल सातच हजार भरले!”

“त्यापेक्षा मलाच द्या तो पट्टा,” आई म्हणायची. “पोळ्या लाटता लाटता त्र्यंबकेश्वर गाठीन.”

महिन्याने डॉक्टरांनी मोबाइल पाहिला, मग रिपोर्ट पाहिला. “काका, रोज एवढं चालूनही साखर वाढलीच? मग इलाज नाही. इन्सुलिन सुरू करू.”

आप्पांचा चेहरा पांढराफटक. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला राहवेना.

“डॉक्टर, ती पावलं माझी आहेत.”

“तुम्ही रोज अकरा हजार चालता?”

“नाही. मी उभी असते.”

“उभी?”

“भाषण करते.”

“कशावर?”

“...या पट्ट्यावर.”

डॉक्टरांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. आणखी एक महिना मिळाला, एका अटीवर. पट्टा बंद, आणि आप्पांसोबत रोज मी चालायचं!

आप्पांनी गुडघा दुखतो म्हटलं, ढग आलेत म्हटलं, चपलेचा अंगठा तुटल्याचं दाखवलं. मी एक ऐकलं नाही. साखर उतरली, सुई टळली. आता सहाच्या ठोक्याला आप्पाच बूट घालून दारात उभे असतात, आणि बागेत मी मागून ओरडते, “आप्पा, चहा नंतर! अजून दोन फेऱ्या बाकी आहेत!”

मनगटावरचा मुकादम हटला. त्याच्या जागी मी लागले, बिनपगारी.

काल बागेत आप्पा कुणाला तरी सांगत होते, “पट्टा बरा होता हो. निदान काढून ठेवता यायचा.”