नलिनीकाकूंच्या गाडीचा हुक

नलिनीकाकू रोज सकाळी अंगणातल्या गाडीत जाऊन बसत, इंजिन सुरू करत आणि गाडी जागची न हलवता थोड्या वेळानं बंद करून घरात येत. औरंगाबादला गारखेड्यात त्यांच्या घराची वरची खोली मी भाड्यानं घेतली, तेव्हा पहिल्याच सकाळी त्या आवाजानं मला जाग आली. खिडकीतून पाहिलं तर साठीच्या एक बाई, दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोरच्या कुंपणाच्या भिंतीवर. मी खाली उतरून विचारलं, कुठं निघालात का. त्या म्हणाल्या, "कुठं नाही. बॅटरी उतरते."

गाडी त्यांच्या यजमानांची. डिझेलवर चालणारी, चौकोनी, जड, जुनी एसयूव्ही. यजमान जाऊन काही वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. दीर अधूनमधून फोन करून गाडी विकायचा विषय काढत आणि काकू तब्येतीची चौकशी करून फोन ठेवून देत. त्यांची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली होती. कुणी पाल्हाळ लावलं की त्या अजूनही म्हणत, "मुद्द्याचं बोला. लाइन अडते." मला आधी तो तुटकपणा वाटला. पुढं कळलं की दिवसचे दिवस त्यांच्याशी कुणी बोलतच नसे, त्यामुळं शब्द वापरायची त्यांची सवयच मोडली होती.

त्या मोकळ्या बोलत त्या फक्त मधमाश्यांबद्दल. निवृत्तीनंतर कुठलंसं शिबिर करून त्यांनी परसात मधपेट्या ठेवल्या होत्या. संध्याकाळी मी कॉलेजात शिकवून आलो की त्या पायरीवर बसलेल्या असत आणि माश्यांची दिवसभराची खबर देत. आज शेवग्यावर गेल्या होत्या, आज पाण्याच्या टाकीवर फार गर्दी होती. माहेरी आलेल्या लेकींबद्दल बोलावं तसं. मी वर निघालो की म्हणत, "तुम्हाला काम असेल." मला बहुतेक वेळा काही काम नसे, पण तसं सांगायच्या आत त्या उठून आत गेलेल्या असत.

एका हिवाळ्यात शेजारच्या म्हाताऱ्या आजींना माशी चावली आणि त्यांचा चेहरा सुजला. गल्लीतली चारपाच मंडळी आली. कुणी आवाज चढवला नाही. पेट्या दुसरीकडं हलवा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. काकूंनी सगळं ऐकून घेतलं, "बरोबर आहे तुमचं," म्हणाल्या, आजींची विचारपूस केली आणि दार लावून घेतलं. त्या संध्याकाळी पायरीवर त्यांनी माश्यांची खबर दिली नाही. पेट्यांकडं बघत एवढंच म्हणाल्या, "घरात आवाज होता तेवढा ह्यांचाच."

पेट्यांना जागा होती. वैजापूरकडं बियाण्यासाठी कांदा लावतात. त्याला पांढरे गोल गोंडे येतात आणि माश्या फिरल्याशिवाय त्यात बी धरत नाही, म्हणून तिथले शेतकरी पेट्या मागत. पण मागच्या साली भाड्याच्या टेम्पोत पेट्या कलंडून अर्ध्याअधिक माश्या मेल्या होत्या, आणि पुन्हा तो टेम्पोवाला यायला तयार नव्हता. काकूंनी विचार करून ठरवलं की आपल्याच गाडीमागं छोटी ट्रॉली जोडायची. त्यासाठी गाडीला मागं हुक हवा. नवा हुक त्या मॉडेलला मिळेना, तेव्हा जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून त्यांनी भलत्याच गाडीचा, गंज चढलेला हुक आणला आणि जालना रोडमागच्या गल्लीत इक्बालभाईंच्या गॅरेजात गाडी नेली. सोबत मी होतो. गाडी फाटकाबाहेर काढताना काकूंचे ओठ घट्ट मिटलेले होते. यजमानांनी शिकवलं होतं, पण ते गेल्यापासून त्यांनी गाडी रस्त्यावर आणली नव्हती.

इक्बालभाई गाडीखाली आडवे झाले. स्टेपनी काढली, हुक चेसीला लावून पाहिला. एकाही बाजूचं भोक जुळेना. काकूंना घाई होती, कांदा फुलायला लागला होता. त्या म्हणाल्या, वेल्डिंग करून टाका. इक्बालभाई बाहेर आले, हात पुसत बसले.

"नाय ताई. जुनं लोखंड हाय, जाळलं की कमजोर होतं. कुठं घाटात ट्रॉली सुटली, तर मागून येणाऱ्याचं काय?"

"मग?"

"दोन्हीकडं जाड पट्ट्या बनवतो. नवी भोकं, नवे बोल्ट. उद्या या."

काकू म्हणाल्या, "उद्या कशाला? बसते इथंच." आणि खरोखरच दिवसभर एका उलट्या टायरवर बसून राहिल्या. पट्ट्या कापल्या, भोकं पाडली, गंज घासून रंग मारला, बोल्ट आवळले, ट्रॉलीच्या दिव्यांची वायर ओढली. दुपारी इक्बालभाईंनी आपल्या डब्यातली भाकरी पुढं केली. काकूंनी ती घेतली, हे पाहून मला नवल वाटलं. कुणाकडं त्या चहासुद्धा घेत नसत.

हुक बसला, विकत घेतलेली ट्रॉली घरी अंगणात आली, पण ती जोडणं हे वेगळंच प्रकरण निघालं. गाडी मागं घेत हुकाचा गोळा बरोबर ट्रॉलीच्या तोंडाखाली आणावा लागतो, आणि आत बसलेल्याला तो दिसत नाही. मी मागं उभा राहून सांगू लागलो, थोडं डावीकडं, अजून थोडं. काकूंनी गाडी थांबवली. खाली उतरून माझ्याजवळ आल्या.

"तुम्ही वर जा."

"अहो, मी सांगतो ना."

"रानात माझ्या मागं कोण उभं राहणार आहे?"

मी वर गेलो आणि खिडकीतून पाहत राहिलो. त्या गाडी मागं घेत, उतरून बघत, पुन्हा बसत, वीतभर पुढं घेत, पुन्हा उतरत. पदर खोचलेला, घामानं पाठ भिजलेली. ऊन कलेपर्यंत हे चाललं. शेवटी खटकन आवाज झाला. त्या ट्रॉलीला हात टेकून उभ्या राहिल्या. त्यांनी वर माझ्या खिडकीकडं पाहिलं नाही.

दिवेलागणीला, माश्या घरी परतल्यावर, त्यांनी पेट्यांची दारं बंद केली, दोर आवळले आणि निघाल्या. गल्लीत कुणी बाहेर आलं नाही. त्यानंतर खालचं घर बहुतेक बंदच असे. कांद्याचा हंगाम वैजापूरला, मग गंगापूरकडं सूर्यफूल, मग फर्दापूरच्या अंगाला रानफुलं. अधेमधे येत तेव्हा चेहरा रापलेला असे आणि तब्येत सुधारलेली. माझी बदली नांदेडला झाली. निरोप घ्यायला गेलो तर म्हणाल्या, "पत्र लिहू नका. वाचायला मी घरी नसते."

दोनतीन हंगामांनी इक्बालभाईंचा फोन आला. काकूंनी वैजापूरच्या रानात ताप अंगावर काढला होता. शेतकऱ्यानं त्यांना शहरात आणून सरकारी दवाखान्यात घातलं होतं आणि इक्बालभाईंचाच नंबर त्यांच्याकडं निघाला होता. मी मिळेल त्या गाडीनं आलो. त्या फार वाळल्या होत्या. पहिला प्रश्न, "फवारणीच्या आधी पेट्या काढल्या का?" मी सांगितलं, इक्बालभाई स्वतः गाडी घेऊन गेलेत. त्यांनी मान हलवली, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "तुम्हाला काम असेल. निघा आता."

मी म्हणालो, काही काम नाही.

आठवडा संपायच्या आत त्या गेल्या. पण त्या दुपारी मी कॉटशेजारच्या स्टुलावर नुसता बसून होतो. मधूनच त्या डोळे उघडत, मी आहे ना ते पाहत, आणि पुन्हा मिटून घेत.