माग थांबला की

अध्यक्षांबद्दल मी लिहावं की नाही, हे बरेच दिवस ठरत नव्हतं. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच; पेपरात लिहिण्याची कोणालाच सवय नाही. त्यांच्यासोबत राजकारणात वावरलेल्या मोठ्या माणसांनी लिहिलं असतं तर शोभलं असतं. चुकलं तर सांभाळून घ्यावं.

ते आधी नगरसेवक होते, मग आमच्या गावचे नगराध्यक्ष झाले. घरातला माग मात्र त्यांनी सोडला नाही. लोक सकाळी गाऱ्हाणी घेऊन थेट मागाजवळ यायचे आणि अध्यक्ष लुगडं विणता विणता ऐकायचे. खटखट थांबली की समजायचं, काम मनावर घेतलं. आवाज थांबला की शेजारी आमच्या घरात आई म्हणायची, "झालं बाप्पा कोणाचं तरी काम."

बारावीत असताना मीही गेलो. घरी एकच खोली, अभ्यासाला जागा नव्हती. आसगाव रस्त्यावरचा बंद पडलेला जकात नाका अभ्यासिकेसाठी उघडून द्या, एवढंच म्हणायचं होतं, पण शब्द जुळेनात. खटखट चालूच.

"तिथं दुकानाचे गाळे पाह्यजे म्हणतेत लोकं," ते म्हणाले. "अन् तुले त अजून मतबी नाही. तुह्यानं माहा काय फायदा?"

"काही नाही जी," मी म्हणालो.

ते हसले... आणि माग थांबला.

अभ्यासिका झाली. गाळ्यांची आस लावून बसलेले दुखावले आणि पुढच्या निवडणुकीत अध्यक्ष पडले. नागपूरला निघताना पाया पडायला गेलो, तेव्हा न राहवून म्हणालो, "तुमी आमच्यापायी पडले."

"पडलो त पडलो. लुगडं त होऊन राहिलं ना?" आडवा धागा घेऊन धोटा इकडून तिकडे गेला. "पास झाला का सांगायले ये. माग थांबवून आयकतो."

नाक्याच्या त्या खोलीत आजही मुलं वाचत बसतात. होस्टेलात सकाळी जाग आली की मी मात्र अजून तो आवाज शोधतो.

पहिल्या वर्षाचा निकाल लागला तसा मी आईला फोन केला. "पास झालो. अध्यक्षायले सांगजो, मी येऊन राहिलो."

आई म्हणाली, "त्यायचा माग सकाळपासून बंद आहे, बाबू."

काहीतरी मोठं काम असेल, असं मला वाटलं. "कोण आलं आहे?" मी विचारलं.

"सारं गाव आलं आहे..."