मामांची दाढी

मामा म्हणजे माझे सासरे. माढ्याजवळच्या एका साखर कारखान्यात काट्यावर उसाच्या गाड्यांचं वजन करायची नोकरी त्यांनी केली. पाळ्यांमुळे गावातल्या न्हाव्याची वेळ जुळायची नाही, म्हणून तरुणपणीच ते स्वतःची दाढी स्वतः करायला शिकले. जाड पितळी दांड्याचा रेझर, त्यात दोन्ही बाजूंनी धार असलेलं पातं. सासूबाई गेल्यावर ते आमच्याकडे सोलापूरला, भवानी पेठेत राहायला आले, तेव्हा कपड्यांच्या पिशवीत हा रेझर, ब्रश आणि तुरटीचा खडा टॉवेलात गुंडाळून आणला होता.

आमचं बोलणं बेताचंच होतं. मी चहा ठेवायचे, ते "हां" म्हणायचे. काही हवं असलं तर मुलाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला सांगायचे, समोर मी उभी असले तरी. राग नव्हता, रीतच तशी होती. माझ्या माहेरी बार्शीलाही तेच.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. दवाखान्यातून पंधरा दिवसांनी घरी आणलं. पाय हळूहळू सुधारला, काठी घेऊन चालायला लागले. हात मात्र गेला तो गेलाच. तोंड उजवीकडं थोडं ओघळलं आणि शब्द सापडेनासे झाले. बोलण्याचा व्यायाम करून घ्यायला एक बाई यायच्या. त्या चित्रं दाखवून "हे काय आहे?" असं विचारायच्या. मामा खिडकीबाहेर बघत बसायचे.

दाढीसाठी कोपऱ्यावरच्या सलूनवाल्याला घरी बोलवायला लागलो. तो चार-पाच वेळा आला. मग एक दिवस मामांनी मुलाला हातानंच खूण केली, याला बोलवू नको. कारण मला माहीत होतं. दाढी करताना त्यांच्या ओठाच्या कडेनं लाळ गळायची आणि सलूनवाला ती पुसताना तोंड फिरवायचा. मी दारातून पाहिलं होतं, मामांनी आरशातून पाहिलं असणार.

त्यानंतर नवऱ्यानं करून बघितली. सकाळी सातला त्याला कामाला निघायचं असतं, त्या घाईत दोनदा कापलं. मग तो दाढीचं मशीन विकत घेऊन आला. मामांनी गालावरून हात फिरवला आणि म्हणाले, "खुट्टं ऱ्हात्यात." मशीन कपाटात गेलं, दाढी वाढत राहिली.

एका सकाळी मी आतल्या खोलीत केर काढायला गेले तर मामा पलंगावर बसलेले, अर्ध्या तोंडाला साबण, डाव्या हातात रेझर. हनुवटीवरून रक्ताची धार बनियनवर उतरलेली. रक्त पातळ व्हायची गोळी चालू होती, त्यामुळे ते लवकर थांबेना. मी तुरटी ओली करून दाबून धरली. किती तरी वेळ तशीच उभी होते. लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि मी त्यांच्या चेहऱ्याला पहिल्यांदाच हात लावत होते.

रक्त थांबल्यावर मी विचारलं, "मामा, मी करू का?"

त्यांनी रेझर माझ्याकडं धरला. त्या दिवशी मी फक्त उरलेला साबण पुसून काढला, कारण मला काहीच येत नव्हतं.

दुपारी मी सलूनमध्ये गेले. बाई आत आलेली बघून खुर्चीतला माणूस सावरून बसला. मी सलूनवाल्याला म्हटलं, "आमच्या मामांची दाढी मी करणार आहे. त्वचा कशी ओढून धरायची, तेवढं दाखवा."

त्यानं आधी विचारलं, "माझ्यावर नाराज झाले का, ताई?"

खोटं बोलायचं जिवावर आलं. जे पाहिलं होतं ते मी सांगून टाकलं. तो हातातला कंगवा पुसत राहिला. मग म्हणाला, "माझ्या वडलांचंही असंच झालं होतं. वर्षभर मीच करायचो त्यांची. तुमच्या मामांचं तोंड पुसताना मला बघवायचं नाही. घाण वाटली म्हणून नाही तसं केलं."

मग त्यानं माझाच हात घेऊन मनगटाजवळची कातडी ताणून दाखवली. सैल बाजूला वरच्या दिशेनं ओढायची, एका वेळी दोन बोटांएवढीच जागा घ्यायची.

दुसऱ्या दिवशी मी गरम पाणी, ब्रश, साबण घेऊन बसले. रेझर उघडून पातं बसवताना ते तिरकं बसलं. मामांनी बघितलं आणि मान हलवली. मी परत काढलं, दोन्ही कडा सारख्या दिसेपर्यंत दांडा पिळला नाही. मग गालावर टेकवला आणि काहीच कापलं जाईना, नुसता फेस निघत होता. म्हणून जोर लावला.

"दाबू नगं," मामा म्हणाले.

मी थांबले. ते शब्द शोधत होते. डावा हात वर करून त्यांनी माझं मनगट थोडं खाली केलं. "दांडा... खाली घे. हां. वजन त्येचंच बास हाय."

तसं केल्यावर खर्र असा बारीक आवाज आला आणि फेसाखालून स्वच्छ पट्टा निघाला.

"आवाज आला का?"

"आला की," मी म्हटलं.

"त्योच ऐकायचा."

महिनाभर खिडकीबाहेर बघत बसलेला माणूस इतकं बोलला होता. पहिल्या दिवशी आम्हाला पाऊण तास लागला. उजवा गाल अवघड, कारण तिथली कातडी ढिली आणि कापलं तरी त्यांना कळत नव्हतं. दोन ठिकाणी कापलंच. मिशीच्या कडेला हात लावायची मला परवानगी नव्हती. तिथं आले की ते "ऱ्हाऊ दे" म्हणायचे आणि मी ती जागा सोडायचे.

एक दिवसाआड दाढी सुरू झाली. आधी केसांची दिशा हातानं बघायची, पातं चार दाढ्यांनंतर बदलायचं, उलटा हात मारायचाच नाही, हे सगळं त्यांच्याकडूनच शिकले. मध्येच ते दुसरंही काहीबाही सांगायला लागले, पाळी सुटल्यावर कारखान्याच्या गरम पाण्याच्या नळावर दाढीला कशी रांग लागायची ते. एक वाक्य पुरं व्हायला मिनिट लागायचं. माझा हात त्यांच्या गळ्यावर असायचा, त्यामुळे मला घाई करताच यायची नाही. व्यायामाच्या बाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मग माझी चित्रं राहू द्या, हेच चालू ठेवा."

सलूनवाल्याचं बोलणं मी मामांना लगेच सांगितलं नाही. उलट वाईट वाटेल, असं वाटत होतं. महिन्याभरानं एकदा तोंड पुसता पुसता सांगितलं. 

"मला काय म्हाईत," एवढंच म्हणाले.

त्या रविवारी केस कापायचे होते. मुलानं विचारलं, "कुणाला बोलवू?" तर म्हणाले, "मी जातो की." काठी घेऊन कोपऱ्यापर्यंत चालत गेले, मुलगा मागं. तासाभरानं परत आले. तिथं काय बोलणं झालं ते नवऱ्यालाही सांगता आलं नाही. तो म्हणाला, दोघं फारसं काही बोललेच नाहीत, चहा मात्र प्यायले.

आता डावा गाल मामा स्वतः करतात, डाव्या हातानं. उजवा गाल आणि गळा माझ्याकडं. पाऊण तासाचं काम वीस मिनिटांवर आलंय. परवा मिशीची उजवी कड वाढली होती. त्यांनी आरशात बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि कात्री पुढं केली. नखं मात्र अजून मुलाकडूनच कापून घेतात.