चिंचेनं घासलेला पैसा

शेजारचे काका नाण्यांच्या वहीत प्रत्येक छापाचं एकच नाणं ठेवतात. तसंच दुसरं मिळालं की कुणाला तरी देऊन टाकतात. काल मात्र एका कप्प्यात मला एकाच छापाचे तांब्याचे दोन पैसे दिसले. एक काळपट, दुसरा पूजेच्या ताम्हनासारखा लख्ख.

"हे दोन कसे?" मी विचारलं.

"एका दिवाळीत हिनं देवाच्या भांड्यांबरोबर माझी तांब्याची सगळी नाणी चिंचेनं घासली. घासलेल्या नाण्याला संग्रहात किंमत नसते. दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाही." काका ओशाळं हसले. "मग हळूहळू सगळी बदलली. हा एक राहू दिला."

काकूंना जाऊन दोन वर्षं झाली. नाण्यावरचा काळपटपणा म्हणजे कितीतरी हातांचा वावर. जाणकार तोच जपतात. पण एखाद्या हाताची खूण सगळं पुसून टाकल्यावरही मागे राहते, हे मला ठाऊक नव्हतं.

काकांनी लख्ख पैसा उजेडात धरून पाहिला.

"काळा पडायला लागलाय," ते म्हणाले, आणि वही तशीच उघडी ठेवून स्वयंपाकघरात चिंच शोधायला गेले.