चाड्यावरची मूठ

"मूठ सोड. तुह्या हातचं उगवायचं न्हाई."

मृगाची पेरणी होती. तिफण चालू होती आणि चाड्यावर बी सोडणारी मूठ माझी. पिंगळीच्या शिवारात माझ्याइतकं सारखं बी कुणाच्या मुठीतून पडत नव्हतं, हे धन्यालाही ठाऊक होतं. तरी त्यानं बांधावरून ओरडून तिफण थांबवली. पाच लेकरांच्या बापाला पुढं बोलावलं आणि माझ्या हातातलं बी त्याच्या हातात द्यायला लावलं. सगळं रान हसलं. मागं तूर पेरणारी माझी बायको खाली मातीकडं बघत राहिली. मीही हसलो. त्या हसण्याची मला आजही किळस येते.

मी त्याचा सालगडी. निजाम गेला, रझाकार गेले, चावडीवर झेंडा लागला. धनी होता तिथंच. सकाळी खांद्यावर हात ठेवायचा, दुपारी त्याच हातानं कानफटात द्यायचा. दुसऱ्याचं बरं झालेलं त्याला बघवायचं नाही. माझ्या लग्नात अक्षता पडल्या तेव्हा मांडवात मोठ्यानं म्हणाला, "जमंल का रे तुला?" मांडव हसला. दोन वर्षं झाली त्याला. बायकोजवळ गेलो की तेच कानात. अंग गार पडायचं. हकिमाचं औषध खाल्लं, भगताचा दोरा बांधला. काही उपयोग नाही.

शेवटी परभणीच्या दवाखान्यात जायचं ठरवलं. सालगड्याला खाडा करायचा तर कारण सांगावं लागतं. पोट दुखतं म्हणायचं, एवढंही मला सुचलं नाही. त्या सकाळी धन्यानं खांद्यावर हात ठेवला होता. "सांग की, मी काय परका हाय?"

मी खरं सांगितलं. आयुष्यात एवढी मोठी चूक दुसरी केली नाही.

डॉक्टरांनी तपासलं, धन्याचं मांडवातलं बोलणंही ऐकून घेतलं. मला 'तुम्ही' म्हणणारा तो पहिला मोठा माणूस. विचारलं, "पहाटे जाग येते तेव्हा सगळं नीट असतं?" असतं, म्हणालो. "मग शरीरात दोष नाही. मनात भीती बसली आहे. महिनाभर काही करायचंच नाही, असं दोघांनी ठरवा. नुसते जवळ बसा, बोला. आणि त्या माणसापासून दूर व्हा."

मी विचारलं, "त्येला काय झालंय, डाक्टरसाहेब?"

"काहींचा स्वभावच आजार असतो. त्याचं त्यांना दुखत नाही, म्हणून ते औषधाला येत नाहीत. त्यांच्या हाताखालचे येतात."

माझं साल पाडव्यापर्यंत होतं. दूर कुठं होणार? तरी आठ-दहा दिवस आम्ही दोघं बोलत बसलो. एकदा चुलीपुढं ती हसली. वाटलं, जमेल. आणि मग ती पेरणी आली.

त्या दिवशी घरी आल्यावर ती एवढंच बोलली, "मी कदी तुमाला टोचून बोलले का? मंग तुमी त्येला का सांगितलं?"

पंचमीला तिचा भाऊ न्यायला आला. ती वालूरला माहेरी गेली ती गेलीच. दसऱ्याआधी काडीमोडाचा सांगावा आला.

पारावर पंच बसले. त्यांच्यात मोठा धनीच. ती भावामागं उभी होती. रीत अशी की नवऱ्यानं बायकोची खोट सांगायची आणि काडी मोडायची. धन्यानं मला जवळ बोलावलं, खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाला, "वांज हाय म्हन आन् सूट. तुही अब्रू मी झाकतो."

झाकणार तो. आणि जन्मभर हवी तेव्हा उघडणार तोच.

त्याचा हात मी खांद्यावरून काढला. मोठ्यानं म्हणालो, "पोरीत खोट न्हाई. खोट माह्यात हाय, भीतीची. ती ह्या धन्यानं घातली."

कुणी हसलं नाही. काडी मी मोडली. मोडताना तिच्याकडं बघवलं नाही.

साल अर्ध्यात टाकलं. आता गावात कुणी काम देत नाही. अंग अजून गारच आहे. डॉक्टरांनी सांगितलेला तो महिना कुणाबरोबर काढू? माझं काही नीट होईल असं मला वाटत नाही. पण माझी ही गोष्ट यापुढं धन्यानं सांगायची नाही. पारावर, गंगाखेडच्या बाजारात, जिथं तो तोंड उघडेल तिथं त्याच्याआधी मी सांगेन. त्याचं नाव घेऊन. तो समोर बसलेला असताना.